गाठीवरचा अंगठा

"हात हलवा, कासिल्दाबाई. मी अंगठा काढणार नाही आणि तुम्ही हात थांबवायचा नाही."

"अगं आई गं! मेले मी!"

"मेलेली माणसं ओरडत नाहीत. हां, छातीवरून समोर न्या. आता वर. सावकाश. घाई कसलीय?"

कासिल्दा अंचुंदिया लाकडी बाकावर पाठमोरी बसली होती. पोलक्याची मागची गुंडी सोडलेली, डोळे गच्च मिटलेले, आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या कडेला यादिरा बाइलोनचा अंगठा असा रुतलेला की जणू पाठीला भोक पाडूनच बाहेर येणार. व्यायामानं आणि दाबून दुखणी बरी करणारी यादिरा मांता शहरातून दर गुरुवारी लोमा सेका गावच्या दवाखान्यात यायची. दवाखाना म्हणजे पत्र्याखालची एक खोली. त्यामुळे एकाचं दुखणं चालू असताना बाकीचे तिथंच भिंतीला टेकून बसायचे, आणि दुसऱ्याच्या ओरडण्यावर आपलं दुखणं विसरायचे.

"एवढी तर आमची बायको बाळंतपणातसुद्धा ओरडली नव्हती," मान आखडलेला उल्बियोबाबा म्हणाला.

"तू घरी होतास कधी ऐकायला?" मार्सियानानं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. मार्सियाना कासिल्दाच्या समोरच्या घरात राहायची. कंबर धरली म्हणून ती यायची, पण खरं तर गावात काय चाललंय ते चुकू नये म्हणून यायची.

"आता सांगा, कळ कुठं गेली?" यादिरानं विचारलं.

"करंगळीत! तू पाठ दाबतेस आणि जीव जातोय करंगळीचा. हा काय चावटपणा?"

"चोर पाठीत बसलाय, बाई. करंगळी बिचारी नुसती बोंबलतेय."

कासिल्दा गेले कित्येक महिने त्या करंगळीला डुकराची चरबी चोळत होती, रात्री फडकं गुंडाळून झोपत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण तिला तरी काय ठाऊक? लोमा सेकात बोट दुखलं की बोटाला औषध. आणि बोट हेच तर या गावाचं पोट. इथली निम्मी माणसं तोकिया नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या काडीच्या टोप्या विणतात. तिवईवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर टोपी, टोपीवर उशी, आणि उशीवर छाती टेकून विणणारा माणूस असा वाकलेला, की पाठ वर आणि डोकं खाली. पहाटे धुकं असतं तेव्हा काडी नरम असते, तेव्हा विणायचं. ऊन चढलं की काडी तडकते, मग थांबायचं. कासिल्दा वयाच्या सातव्या वर्षापासून अशी वाकत आली होती. पाठीला गाठ झाली नसती तरच नवल.

"हे रोज करायला हवं," यादिरा अंगठा काढत म्हणाली. "नुसतं चोळून गाठ सुटत नाही. कुणीतरी गाठीवर अंगठा ठेवायचा आणि तुम्ही हात फिरवायचा. समोर, वर, मागं. मी आठवड्यातून एकदा येणार, त्यानं काय होतंय? पंधरा दिवस मनापासून केलंत तर करंगळी पुन्हा काडी धरेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर ती टोपी विसरा."

कासिल्दानं गुंडी लावली. ती टोपी विसरायची म्हणजे काय, हे या शहरातल्या पोरीला कसं कळावं? टोपीचं डोकं विणून झालं होतं. कड अर्धी झाली होती. इतकं बारीक काम की उजेडाला धरलं तर वीण दिसायचीच नाही, नुसता उजेड पिवळसर व्हायचा. तिच्या डोळ्यांना आता यापुढं असलं काम झेपणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे ही शेवटचीच. लग्न केलं नाही, मूल नाही, आईबाप कधीच गेले. मागं काही राहायचं असेल तर ही टोपी राहील, असं तिनं मनाशी धरलं होतं. शिवाय उरलेली कड दुसऱ्या कुणाकडून विणून घ्यायची सोय नव्हती. एका टोपीत एकच हात, हा इथला कायदा. प्रत्येकाची ओढ वेगळी. कुणी घट्ट ओढतो, कुणी सैल. दुसरा हात लागला की विणीत रेघ उमटते, आणि जाणता माणूस ती रेघ पाहतोच.

"घरी कोण असतं तुमच्याबरोबर?" यादिरानं विचारलं.

 उल्बियोबाबाला आखडलेली मान अचानक खिडकीकडे वळवता आली.

"बहीण आहे की," शेवटी मार्सियानाला राहवलं नाही. "भिंतीपलीकडंच."

"मग झालं तर!" यादिरा खुशीत म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनाच सांगा की अंगठा ठेवायला."

"मला कुणाची गरज नाही," कासिल्दा म्हणाली आणि चपला शोधू लागली.

यादिरानं एकदा मार्सियानाकडे पाहिलं, एकदा कासिल्दाकडे. पोरगी हुशार होती, पुढं काही विचारलं नाही. पिशवीतून तिनं एक जुना टेनिसचा चेंडू काढला. "मग हा घ्या. पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा, गाठीवर टेकायचं आणि हात फिरवायचा. भिंत भक्कम हवी मात्र."

भिंत भक्कम! कासिल्दा रस्ताभर स्वतःशी पुटपुटत गेली. बापानं बांधलेलं घर ते, खांबांवर उभं, भिंती चिरलेल्या बांबूच्या. मधल्या भिंतीनं घराचे दोन भाग केलेले. डावीकडं कासिल्दा, उजवीकडं थोरली ओतिलिया. दोन दारं, दोन चुली, दोन दिवे. आणि अकरा वर्षं अबोला.

झालं होतं ते असं. कासिल्दाला तेव्हा ताप आला होता, हाडं मोडणारा, डासांचा. तिच्या ठोकळ्यावर एक फार सुरेख टोपी अर्धवट होती. काम असं पडून राहिलं की काड्या वाळतात, कडक होतात, मग त्या पुन्हा वळत नाहीत. ओतिलियाच्या जिवाला ते पाहवेना. तिनं पहाटे उठून, बहीण तापात बरळत असताना, काही फेरे विणले. मायेनंच विणले. पण मोंतेक्रिस्ती गावच्या टोप्यांच्या व्यापाऱ्यानं टोपी उजेडाला धरली आणि म्हणाला, "इथं दुसरा हात लागलाय." टोपी बाजारातल्या साध्या टोप्यांत गेली. कासिल्दा भर अंगणात, शेजारपाजाऱ्यांदेखत, बहिणीला म्हणाली होती, "तुझा हात यापुढं माझ्या कशालाही लागता कामा नये." ओतिलियानंही तोंडाला कुलूप घातलं. दोघी हट्टाला सारख्याच, एकाच आईच्या पोटच्या. रविवारी चर्चमध्ये एक डावीकडच्या बाकावर, दुसरी उजवीकडच्या. पाद्री आले आणि गेले, दोघींची बाकं बदलली नाहीत.

संध्याकाळी कासिल्दानं भाजलेलं केळं ठेचून मिठाबरोबर खाल्लं आणि चेंडू घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. बाहेरची भिंत तर नुसत्या फटींची, चेंडू फटीत अडकायचा. भक्कम म्हणावी अशी मधलीच, तिला दोन्ही बाजूंनी बांबू होते. तिनं चेंडू फऱ्याखाली धरला, पाठ टेकली, गुडघे वाकवले आणि हात छातीवरून समोर नेला. भिंत कुरकुरली. तिनं आणखी जोर लावला. चेंडू नेमका गाठीवर आला, करंगळीपर्यंत वीज गेली, आणि पलीकडं खिळ्यावरचं पातेलं धाडकन जमिनीवर पडलं.

"भिंत पाडतेस का काय गं?"

कासिल्दा जागच्या जागी थिजली. अकरा वर्षांनी तो आवाज तिच्यासाठी निघाला होता. जरा घोगरा झाला होता, पण तोच.

आणि आता बघा माणसाची खोड! इतक्या वर्षांनी बोलायची वेळ आली, तर हिच्या तोंडून काय बाहेर पडावं?

"माझ्या बाजूची पाडतेय. तुझी तुला ठेव!"

पलीकडून पातेलं उचलल्याचा आवाज आला, तेही दोनदा हातातून सुटलं.  कासिल्दा बराच वेळ भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चेंडू घरंगळत जाऊन जमिनीच्या फटीतून खाली कोंबड्यांत पडला होता. जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती अंथरुणावर पडली आणि रडली. पाठ दुखत होती म्हणून नव्हे.

पहाटे धुकं उतरलं. कासिल्दानं दिवा लावला, ठोकळ्यावरचं ओलं फडकं काढलं आणि उशीवर छाती टेकली. भिंतीच्या फटींतून पलीकडचा उजेड आला. हे रोजचंच. तिचा दिवा लागला की पाठोपाठ पलीकडचा लागायचा. मग पाणी शिंपडल्याचा आवाज, तिवई सरकवल्याचा आवाज, खोकला. सुरुवातीला तिला राग यायचा, आपल्यावर कुरघोडी करायला उठते मेली, असं वाटायचं. पण होता होता त्या उजेडाची सवय झाली. आजारपणातसुद्धा ती उठून दिवा लावायची, केवळ पलीकडचा लागतो की नाही ते बघायला. तो लागला की बरं वाटायचं. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नसतं, पण खरं ते खरं.

तिनं काडी धरली. करंगळीनं धरायची, अनामिकेखालून वळवायची. काडी सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा काडी नुसती सुटली नाही, शेजारच्या दोन काड्यांना ओढून घेऊन गेली आणि कडेच्या विणीत भोक पडलं. कासिल्दानं हात मागं घेतला. आणखी ओढलं असतं तर सगळी कड उसवली असती.

पंधरा दिवस, यादिरा म्हणाली होती. कुणाचा तरी अंगठा.

ती तशीच उठली. अंगावर शाल घेतली, आपल्या पायऱ्या उतरली, कोंबड्यांमधून घराला वळसा घातला आणि दुसऱ्या पायऱ्या चढली. दार वाजवलं.

"कोण?"

"कोण असणार? मीच."

"मी म्हणजे कोण?"

"ओतिलिया, उगाच नखरे करू नकोस. दार उघड, गारठलेय मी."

कडी निघायला फार वेळ लागला. आतून खुडबुड ऐकू येत होती. कासिल्दाला वाटलं, मुद्दाम ताटकळत ठेवतेय. मग दार उघडलं. ओतिलिया एवढीशी झाली होती. चर्चमध्ये दुरून दिसायची तेव्हा शालीमुळं कळलं नव्हतं.

"ये. आलीच आहेस तर."

आत दिवा जळत होता. दिव्यापाशी तिवई होती, तिवईवर ठोकळा होता, आणि ठोकळ्यावर काहीच नव्हतं. ना टोपी, ना काड्या, ना उशी. ठोकळ्यावर एक पातेलं पालथं घातलेलं होतं.

कासिल्दानं खोलीभर पाहिलं. काड्यांची जुडी कुठंच दिसेना. "काम कुठंय तुझं?"

"काम कसलं काम. बस ना."

"रोज दिवा लावतेस तू."

"लावते."

"पाणी शिंपडतेस. मी ऐकते."

"धुळीला शिंपडते. धूळ काय कमी असते इथं?"

"ओतिलिया!"

ओतिलियानं तिवई पायानं सरकवली, रोज पहाटे येतो अगदी तसाच आवाज आला. मग तिनं हात पुढं केले. बोटं वाकडी झाली नव्हती, सुजली नव्हती. नुसती पांढुरकी, मेणासारखी. दोन बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने काळे डाग होते.

"मागं एकदा उकळतं भांडं धरलं. वास आला तेव्हा कळलं. आधी करंगळी गेली, मग एकेक करून सगळी. दगड धरला काय आणि कापूस धरला काय, मला सारखंच."

"कधीपासून?"

"कुणी मोजलंय? मार्सियानाच्या धाकट्या नातीला चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी घातलं ना, त्या सुमारापासून."

ती नात आता शाळेत जात होती.

"मग हा दिवा कशाला गं? कुणासाठी?"

"तुझा लागतो म्हणून." ओतिलियानं मान फिरवली. "माझा नसता लागला तर तू म्हणाली असतीस, हरली थोरली. म्हणाली असतीस की नाही? खरं सांग."

कासिल्दा तसंच म्हणाली असती.  एवढी वर्षं आपण दोघी शेजारीशेजारी विणतोय असं ती धरून चालली होती, आणि ती एकटीच विणत होती. पलीकडं बहीण रिकाम्या ठोकळ्यापुढं उजाडेपर्यंत बसून राहायची, भाजायची, भांडी पाडायची, आणि एका बांबूच्या अंतरावर हिला पत्ता नव्हता. कसली बहीण आपण! शेजारीण तरी म्हणावं का?

"डॉक्टरला का नाही दाखवलंस? ती यादिरा येते गुरुवारची."

"तिथं तू असतेस ना."

एवढंच बोलून ओतिलियानं चुलीवरची कॉफी ओतली. दोन्ही तळव्यांत भांडं धरून, डोळे वाफेवर ठेवून, थेंब न सांडता. बराच सराव झाला असावा.

"बरं, तू कशाला आलीस?" तिनं विचारलं. "अकरा वर्षांनी माझी कॉफी प्यायला नक्कीच नाही."

"सहज."

"सहज तू शिंकतसुद्धा नाहीस. काल भिंतीला काय करत होतीस?"

आता काय सांगायचं? कासिल्दानं कॉफीचा घोट घेतला. खोटं बोलून निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण ओतिलिया समोर उभी होती, पुढं वाकून, पूर्वी लहानपणी हिचा गुडघा फुटला की बघायची तशी. कासिल्दानं सांगितलं. पाठ, गाठ, करंगळी, यादिरा, चेंडू, सगळं. कुणीतरी अंगठा ठेवायला लागतो, हेही सांगितलं.

ओतिलिया ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि त्यासाठी माझ्याकडं आलीस?"

"दुसरं कोण आहे मला, न्यान्या?"

या भागात बहिणीला न्यान्या म्हणतात. हा शब्द तिच्या तोंडून आपोआप गेला. ओतिलियानं भांडं खाली ठेवलं आणि हात घागऱ्याला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"मी लावू हात? तुला?"

"लाव."

"बस मग. पाठ कर इकडं. पोलकं सोड. अगंबाई, काय वाळलीयेस गं! खातेस की नाही काही?"

कासिल्दा स्टुलावर पाठमोरी बसली. मागं ओतिलियाचा श्वास ऐकू येत होता. मग अंगठा टेकला. गाठीच्या चांगला खाली टेकला, हाडावर, आणि त्यात जोर कसला तो नव्हताच. कपड्याचा काठ लागावा एवढंच कळत होतं. कासिल्दाला त्याच क्षणी कळून चुकलं की ही गाठ या अंगठ्यानं सुटायची नाही. पंधरा दिवसांत नाही, पंधरा महिन्यांत नाही. कडेचं भोक तसंच राहणार. टोपी पुरी होणार नाही. मार्सियानाला बोलावता आलं असतं, तिच्या अंगठ्यात म्हशीचा जोर होता. पण आता या खोलीतून उठून मार्सियानाला हाक कशी मारायची?

"इथं ना?" ओतिलियानं विचारलं.

"हां. तिथंच."

"लागतंय का?"

"लागतंय तर! जीव घेशील. जरा हळू."

"हळूच आहे. तू हात हलव बघू, ती बाई सांगते तसा. मी नाही सोडायची."

कासिल्दानं हात छातीवरून समोर नेला. मग वर. फऱ्यापाशी कळ उठली आणि करंगळीपर्यंत गेली, अंगठा होता तिथून ती गाठ फार लांब होती. तिनं ओठ घट्ट मिटले. खाली कोंबडे आरवायला लागले होते आणि फटींतून सकाळचा उजेड आत येत होता. दिवा विझवायचं दोघींनाही सुचलं नाही.

"दमलीस तर सांग," कासिल्दा म्हणाली.

"मला कुठं जायचंय?" ओतिलिया म्हणाली. अंगठा आणखी जोरात दाबत असल्यासारखी तिच्या तोंडून धाप निघत होती. मग तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "कासिल्दा, अगं, सुटतेय गं! मघाशी नुसता दगड होता. आता सुटतेय. अंगठ्याखाली कळतंय मला."

"हो," कासिल्दा म्हणाली, "सुटतेय." आणि तिनं हात पुन्हा समोर नेला.